संगणकाची रेषा आणि आपला जिल्हा

दोन बिंदू दिले असता त्यांतून एक आणि एकच सरळ रेषा जाते, हे आपण शाळेत भूमितीच्या पहिल्याच पाठात शिकलो. पट्टी ठेवावी, पेन्सिल ओढावी, रेषा तयार. इतक्या साध्या कामावर लेख लिहिण्याजोगे काय आहे, असे कला शाखेतील माझ्या मित्रांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हेच काम संगणकाला सांगायचे झाले की त्यात बऱ्याच अडचणीच्या जागा निघतात. त्या कोणत्या, त्यांतील किती खऱ्या आणि किती आपणच निर्माण केलेल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी असल्यामुळे उदाहरणासाठी आपल्याच जिल्ह्याचा नकाशा घेतला आहे. गणित बेरीज-वजाबाकीच्या पलीकडे फारसे जाणार नाही, तेव्हा वाचकांनी धास्ती बाळगू नये.

१. कागदाची रेषा आणि घरांची रेषा

कागदावरची रेषा अखंड असते. संगणकाचा पडदा मात्र आलेखाच्या कागदासारखा लहान लहान घरांचा बनलेला असतो. या घरांना पिक्सेल म्हणतात. घर एक तर रंगवायचे किंवा कोरे ठेवायचे, अर्धे घर रंगवता येत नाही. म्हणजे संगणक रेषा ‘ओढत’ नाही. खऱ्या रेषेच्या सर्वांत जवळची घरे कोणती ते तो ठरवतो आणि तेवढी रंगवतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना ही कल्पना नवी वाटू नये. हे घरे ठरवण्याचे काम करणारा प्रोग्रामचा जो छोटा भाग असतो त्याला फंक्शन म्हणतात. त्याला दोन टोके द्यायची, त्याने मधली घरे सांगायची, एवढाच व्यवहार.

२. जिल्हा घरांवर मांडणे

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेला आपला अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. सुमारे १७,०४८ चौरस किलोमीटर. त्याच्या नकाशासाठी १८° ते २०° उत्तर अक्षांश आणि ७३° ३०' ते ७५° ४५' पूर्व रेखांश अशी चौकट घेऊ. एका घराची बाजू ३ मिनिटांची धरू. म्हणजे डावीकडून उजवीकडे ४५ आणि खालून वर ४० घरांचे अंतर होते. एक घर दक्षिणोत्तर सुमारे साडेपाच किलोमीटरचे झाले. नकाशा अर्थातच ढोबळ आहे, पण अडचणी डोळ्यांना दिसाव्यात म्हणून मुद्दाम तो तसा घेतला आहे.

आता १८७८ साली सुरू झालेला दौंड–मनमाड लोहमार्ग या चौकटीत काढू. गावांचे अक्षांश-रेखांश घेऊन, ३ मिनिटांनी भागून, जवळच्या पूर्णांकात आणले की गावे अशी बसतात. पहिला आकडा डावीकडून, दुसरा खालून:

दौंड (२२, ९)
नगर (२५, २२)
राहुरी (२३, २८)
श्रीरामपूर (२३, ३२)
कोपरगाव (२०, ३८)
मनमाड (१९, ४५)

प्रत्यक्षातील लोहमार्ग वळणे घेत जातो. आपण फक्त ही गावे सरळ रेषांनी जोडणार आहोत. दौंड पुणे जिल्ह्यात आणि मनमाड नाशिक जिल्ह्यात असल्याने ती आपल्या जिल्ह्याबाहेर आहेत. मनमाड तर आपल्या चौकटीच्याही बाहेर पडले आहे. त्याचा उपयोग पुढे होईल.

३. शाळेतले सूत्र आणि तीन खड्डे

रेषेचे समीकरण आपल्याला ठाऊक आहे: य = म × क्ष + क. यातील म म्हणजे रेषेचा चढ. वर जाण्याच्या अंतराला आडव्या अंतराने भागले की चढ मिळतो. मग क्ष एकेक घराने वाढवत न्यावा, प्रत्येक वेळी य काढून जवळच्या पूर्णांकात आणावा आणि ते घर रंगवावे. नवशिक्याच्या हातून पहिल्यांदा लिहिले जाणारे फंक्शन बहुधा असेच असते. ते आपल्या लोहमार्गावर चालवून पाहू.

पहिला खड्डा नगर–राहुरीला लागतो. नगरचा क्ष २५ आणि राहुरीचा २३. ‘२५ पासून २३ पर्यंत एकेक वाढवत जा’ असे सांगितले तर पहिलाच आकडा शेवटच्या आकड्यापेक्षा मोठा, म्हणून आवर्तन एकदाही होत नाही. एकही घर रंगत नाही आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

दुसरा खड्डा त्याच रेषेत आहे. समजा, टोकांची अदलाबदल करून राहुरीकडून नगरकडे निघालो. क्षच्या किमती २३, २४ आणि २५ अशा तीनच, म्हणून घरेही तीनच रंगतात: (२३, २८), (२४, २५), (२५, २२). वर-खाली अंतर मात्र सहा घरांचे आहे. मध्ये दोन-दोन घरांच्या फटी राहतात आणि लोहमार्गाऐवजी तीन सुटे ठिपके दिसतात. ४५ अंशांहून अधिक उभ्या असलेल्या प्रत्येक रेषेचे असेच होते. आपला लोहमार्ग तर जवळजवळ दक्षिणोत्तर जातो.

तिसरा खड्डा राहुरी–श्रीरामपूरचा. दोन्ही गावे ७४° ३९' च्या आसपास, म्हणजे २३ व्या उभ्या रांगेतच. आडवे अंतर शून्य. चढ काढण्यासाठी ४ ला शून्याने भागावे लागते आणि प्रोग्राम तिथेच थांबतो.

या तिसऱ्या खड्ड्यावरचा एक प्रचलित उपाय अतिशय धोक्याचा आहे. ‘आडवे अंतर शून्य असेल तर काही न करता परत ये’ अशी एक ओळ फंक्शनच्या आरंभी घातली की प्रोग्राम थांबायचा बंद होतो आणि सर्व काही ठीक झाल्याचा भास होतो. परंतु नकाशावर राहुरी आणि श्रीरामपूर यांच्यामध्ये लोहमार्गच उरत नाही! आपण कला शाखेचे विद्यार्थी नकाशे वाचतो, त्यांवरून वाहतूक, बाजारपेठा आणि वस्ती यांचे निष्कर्ष काढतो. नकाशावर रेषा असणे हे जसे एक विधान आहे, तसेच ती नसणे हेही एक विधान आहे. कोरी जागा पाहून वाचक ‘येथे मार्ग नाही’ असेच समजणार. थांबलेला प्रोग्राम निदान आपली अडचण सांगतो. गुपचूप रेषा गाळणारा प्रोग्राम खोटा नकाशा देतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

४. लांब बाजूने चालावे

वरील तीन खड्ड्यांसाठी तीन वेगळी ठिगळे लावण्याचा मोह होतो. पण थोडे थांबून विचारावे, हे खड्डे रेषेत आहेत की आपण निवडलेल्या सूत्रात? राहुरी–श्रीरामपूर रेषेत विचित्र असे काहीच नाही, उलट तिच्याइतकी सोपी रेषा दुसरी नसेल. एकाच रांगेतील पाच घरे रंगवायची, बस्स. विचित्र आहे ते ‘आडव्या अंतराने भागा’ हे आपले म्हणणे.

म्हणून दृष्टी बदलावी. दोन टोकांमधील आडवे आणि उभे अंतर मोजावे, त्यांतील जे मोठे त्या दिशेने एकेक घर चालावे आणि लहान अंतर त्या चालण्यात सारखे वाटून द्यावे. पाऊल उजवीकडे की डावीकडे, वर की खाली, हे चिन्हावरून आधीच ठरवून ठेवावे. नगर–राहुरीत उभे अंतर ६ आणि आडवे २, म्हणून वर चालायचे आणि सहा पावलांत दोनदा डावीकडे सरकायचे. राहुरी–श्रीरामपूरमध्ये चार पावले वर आणि शून्य वेळा बाजूला. भागाकार करायचा झालाच तर मोठ्या अंतराने, आणि ते शून्य तेव्हाच असेल जेव्हा दोन्ही टोके एकाच घरात असतील. संगमनेर (१४, ३१) ते नेवासे (२९, ३१) ही आडवी रेषाही याच नियमात बसते. पंधरा पावले उजवीकडे, वर शून्य. तिन्ही खड्डे एका फटक्यात बुजले आणि ठिगळ एकही लागले नाही.

५. ब्रेझनहॅम यांची युक्ती

बाजूला नेमके कधी सरकायचे, हे अपूर्णांक न वापरता ठरवण्याची युक्ती जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ साली आयबीएम कंपनीत काम करताना शोधली. संगणकाला जोडलेल्या कॅलकॉम्प या आरेखन यंत्राची लेखणी त्यांना चालवायची होती. ही पद्धत १९६५ साली प्रसिद्ध झाली आणि आजही शिकवली जाते.

युक्ती अशी. एक आकडा जवळ बाळगावा, त्याला आपण ‘तोल’ म्हणू. सुरुवातीचा तोल = लहान अंतराची दुप्पट वजा मोठे अंतर. प्रत्येक पावलाला तोल पाहावा. तो शून्याहून मोठा असेल तर बाजूला एक घर सरकावे आणि तोलातून मोठ्या अंतराची दुप्पट वजा करावी. सरकलो असू वा नसू, शेवटी तोलात लहान अंतराची दुप्पट मिळवावी.

नगर–राहुरीसाठी मी हा हिशेब आलेखाच्या कागदावर हाताने केला. आरंभीचा तोल ४ − ६ = −२. पहिल्या पावलाला तोल ऋण, म्हणून सरळ वर (२५, २३). तोल झाला २. दुसऱ्या पावलाला तो धन, म्हणून डावीकडे सरकून (२४, २४); तोल २ − १२ + ४ = −६. तिसरे (२४, २५), तोल −२. चौथे (२४, २६), तोल २. पाचवे सरकून (२३, २७), तोल −६. सहावे (२३, २८), म्हणजे राहुरी. आरंभीचे घर धरून सात घरे, फट नाही, भागाकार नाही, दशांश चिन्ह नाही. वाचकांनी एकदा स्वतः करून पाहावे, वाचण्यापेक्षा करण्याने ते लवकर उमगते.

६. बरोबर मध्यावर आल्यास?

इथपर्यंतच्या अडचणी सूत्राच्या होत्या. आता रेषेच्या स्वतःच्या अडचणींकडे येऊ.

श्रीरामपूर–कोपरगाव ही रेषा पाहा. उभे अंतर ६, आडवे ३. आरंभीचा तोल ६ − ६ = ०. धनही नाही, ऋणही नाही! याचा अर्थ खरी रेषा (२२, ३३) आणि (२३, ३३) या दोन घरांच्या बरोबर मध्यातून जाते. जवळचे घर कोणते? दोन्ही सारखीच जवळ आहेत. ‘शून्य असल्यास सरकू नये’ हा आपला नियम लावला तर श्रीरामपूरकडून निघाल्यावर मधल्या घरांत (२३, ३३), (२२, ३५) आणि (२१, ३७) येतात. हाच नियम घेऊन कोपरगावहून खाली निघालो तर त्यांच्या जागी (२२, ३३), (२१, ३५) आणि (२०, ३७) येतात. रेषा तीच, टोके तीच, पण जाताना एक वाट आणि येताना दुसरी.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. समजा, रेषा एका दिशेने काढली आणि पुसताना उलट दिशेने कोऱ्या रंगात काढली. मग तीन ठिपके पुसायचे राहून जातात. दोन तालुक्यांची सामाईक हद्द एका तालुक्याच्या यादीत उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि दुसऱ्याच्या यादीत दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेली असली, तर एकच हद्द दोनदा निरनिराळ्या घरांतून जाते. हद्दीच्या वादाला संगणकानेही हातभार लावला असे व्हायचे!

येथे ‘खरे उत्तर’ असे काही नाही, निर्णय घ्यावा लागतो. सोपा निर्णय म्हणजे टोके कोणत्याही क्रमाने आली तरी रेषा नेहमी दक्षिणेकडच्या टोकापासून काढायची आणि आडवी असल्यास पश्चिमेकडच्या. मग जाण्या-येण्याची वाट एकच होते. मात्र तुटक रेषा काढताना तुकड्यांची मोजणी कुठून सुरू होते याला महत्त्व असते. तिथे दिशा तशीच ठेवून बरोबरीचा नियम दिशेनुसार बदलावा: वर जाताना शून्याला सरकू नये, खाली येताना सरकावे.

७. शून्य लांबीची रेषा आणि सांधे

नगर आणि भिंगार आपल्या ढोबळ नकाशात एकाच घरात (२५, २२) येतात. त्यांना जोडणारी रेषा काढा म्हटले तर फंक्शनने काय करावे? एक ठिपका काढावा की काहीच काढू नये? ‘दोन्ही टोकांसह रेषा’ असा करार असेल तर ठिपका काढलाच पाहिजे. रेषा लहान होत होत शेवटी एका घरावर येते, तिथून ती एकाएकी नाहीशी होऊ नये.

परंतु दोन्ही टोके धरली की सांध्याचा प्रश्न उभा राहतो. नगर–राहुरी आणि राहुरी–श्रीरामपूर या रेषा काढताना राहुरीचे घर दोनदा रंगते. साध्या रंगात काही बिघडत नाही. पण घर उलटवण्याची एक रीत असते. कोरे असेल तर काळे आणि काळे असेल तर कोरे. या रीतीत दोनदा उलटलेले घर पुन्हा कोरे होते. परिणामी मार्ग सगळा दिसतो, फक्त मधली स्थानकेच पुसली जातात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक रेषेचे शेवटचे घर सोडून द्यायचे. ते पुढची रेषा रंगवील. विंडोज प्रणालीतील रेषेच्या जुन्या फंक्शनचा करार असाच आहे, ते शेवटचा बिंदू वगळते. मग अखेरच्या स्थानकाचे घर स्वतंत्रपणे रंगवावे लागते आणि नगर–भिंगारसारखी शून्य लांबीची रेषा काहीच काढत नाही. दोन्ही करार आपापल्या जागी योग्यच आहेत. अयोग्य आहे ते करार न सांगणे. फंक्शन वापरणाऱ्याला शेवटचे घर आत की बाहेर हे एका ओळीत लिहून दिलेले असले पाहिजे.

८. चौकटीबाहेरची गावे

आता मनमाड. कोपरगाव (२०, ३८) ते मनमाड (१९, ४५) ही रेषा ४० व्या ओळीनंतर चौकटीबाहेर जाते. ४५ व्या ओळीचे घर पडद्यावर नाहीच. ते रंगवण्याचा प्रयत्न केला तर संगणकाच्या स्मृतीतील भलत्याच जागी लिहिले जाण्याचा धोका असतो. म्हणून कोणी मनमाडचा ४५ हा आकडा सरळ ४० करून टाकतो. हे चूक आहे, कारण त्याने रेषेचा चढच बदलतो. खरी रेषा ४० व्या ओळीवर २० व्या घराजवळ, अधिक नेमके सांगायचे तर १९.७ वर, चौकट ओलांडते. ‘ओढून आणलेले’ मनमाड मात्र (१९, ४०) वर बसते. शहाणपण यात आहे की रेषा चौकटीला कुठे छेदते ते काढावे आणि तिथे ती कापावी. कापताना आरंभीचा तोल मूळ संपूर्ण रेषेवरूनच घ्यावा, म्हणजे दिसणारी घरे पूर्वीचीच राहतात.

यावर ‘दोन्ही टोके बाहेर असतील तर रेषा सोडून द्यावी’ असा आणखी एक घाईचा नियम सुचतो. मुंबई आणि नांदेड ही दोन्ही शहरे आपल्या चौकटीबाहेर, एक पश्चिमेला, दुसरे पूर्वेला. पण त्यांना जोडणारी सरळ रेषा जवळजवळ नगर शहरावरून जाते! डॅनी कोहेन आणि आयव्हन सदरलंड यांची या प्रश्नावरील पद्धत प्रसिद्ध आहे. प्रत्येक टोकाला ‘पश्चिमेबाहेर, पूर्वेबाहेर, दक्षिणेबाहेर, उत्तरेबाहेर’ अशा चार खुणा लावायच्या. दोन्ही टोकांना एखादी खूण सामाईक असेल तरच रेषा न काढता सोडता येते. मुंबई–सुरत यांना ‘पश्चिमेबाहेर’ ही खूण सामाईक आहे, तेव्हा ती रेषा निर्धास्तपणे सोडावी. मुंबई–नांदेड यांना एकही खूण सामाईक नाही, तेव्हा कापून पाहणे भाग आहे.

९. आकड्यांची मर्यादा आणि उलटा जिल्हा

दोन लहान गोष्टी सांगून आवरते घेतो. अनेक वर्षे महाविद्यालयांतून टर्बो सी या साधनावर प्रोग्राम शिकवले गेले. त्यातील साधा पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच मोजू शकतो. नकाशाची एकके घरांऐवजी मीटर घेतली तर दौंड–मनमाड हे दक्षिणोत्तर अंतर दोन लाखांच्या घरात जाते आणि मावतच नाही. २०,००० मीटर मावतात, पण ब्रेझनहॅम यांच्या युक्तीत दुप्पट करावी लागते. ४०,००० ऐवजी −२५,५३६ हा आकडा हाती येतो आणि तोलाचे चिन्हच फिरते. म्हणून टोके मावतात एवढे पाहून भागत नाही, मधल्या हिशेबातील सर्वांत मोठा आकडाही पाहावा लागतो.

दुसरे असे की, पडद्यावर ओळी सामान्यतः वरून खाली मोजतात. हे ध्यानात न घेता आपले आकडे तसेच दिले तर कोपरगाव तळाशी आणि दौंड माथ्यावर जाते. ४० मधून ओळीचा आकडा वजा केला की जिल्हा पुन्हा सरळ होतो.

१०. कसोटीच्या रेषा

फंक्शन बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी एखादी तिरपी, गोमटी रेषा काढून समाधान मानू नये. मी पुढील रेषा सुचवतो. संगमनेर–नेवासे, आडवी. राहुरी–श्रीरामपूर, उभी. नगर–राहुरी, तीव्र चढाची आणि डावीकडे जाणारी. श्रीरामपूर–कोपरगाव, दोन्ही दिशांनी, घरे जुळतात का हे पाहण्यासाठी. नगर–भिंगार, शून्य लांबीची. कोपरगाव–मनमाड, एक टोक बाहेर. मुंबई–नांदेड, दोन्ही टोके बाहेर तरी आतून जाणारी. या सर्वांत जे फंक्शन उतरेल त्यावर विश्वास ठेवावा.

या यादीतील एकही रेषा मुद्दाम शोधून काढलेली अपवादाची रेषा नाही. सगळी आपली नित्याची गावे आहेत. आपण ज्यांना अपवाद म्हणतो त्यांतील पुष्कळसे आपल्या सूत्राच्या अपुरेपणातून जन्मतात; सूत्र बदलले की ते नाहीसे होतात. जे थोडे उरतात, बरोबरीचे, शून्याचे, सांध्याचे आणि सीमेचे, त्यांच्यासाठी ठिगळ नव्हे, निर्णय हवा, आणि तो निर्णय वापरणाऱ्याला सांगितलेला हवा. वाचकांनी आपापल्या तालुक्यातील गावे घेऊन आलेखाच्या कागदावर हा प्रयोग अवश्य करावा. त्यासाठी संगणकाचीही गरज नाही; पेन्सिल, खोडरबर आणि एक रिकामा तास पुरेसा आहे.